दहा गुंठ्यांतील रोपवाटिका
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात उद्योगधंद्याविषयी कोणी तरी अनुभवाचे चार शब्द बोलावे असे कार्यकारी मंडळाने ठरविले आणि ते काम आम्हांवर सोपविले, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही वक्ते नव्हेत. आमचे बहुतेक आयुष्य दापोली तालुक्यातील एका वाडीत, विहिरीच्या काठी, पिशव्यांत माती भरण्यात आणि आंब्याची कलमे बांधण्यात गेले. तेव्हा भाषेत काही मातीचे डाग राहिल्यास ते आपण पोटात घालावे.

गतवर्षीच्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपल्यावर एका पालकांनी आम्हांस बाजूस घेऊन विचारले, "गावाकडे आमची थोडी वरकस जमीन पडून आहे. मुलगा मुंबईच्या नोकरीला कंटाळला आहे. रोपवाटिका काढावी काय? जमीन किती लागेल?" आजच्या भाषणाचा विषय त्या प्रश्नातूनच निघाला आहे. जमीन दहा गुंठे पुरेशी होते. आम्ही दोघा बंधूंनी आरंभ केला तो दहा गुंठ्यांवरच, आणि त्यातीलही दोन गुंठे कातळ होता. मात्र ती जमीन सामाईक असेल तर सर्व हिस्सेदारांची लेखी संमती अगोदर घ्यावी. रोपे चांगली विकू लागली म्हणजे ज्या चुलत्यांनी वीस वर्षांत गावाकडे पाऊल टाकले नाही, त्यांनाही आपल्या हिश्श्याची आठवण होते.

जमिनीनंतर लोक पाण्याचे विचारतात, आणि ते योग्यच आहे. कोकणात पाऊस उदंड पडतो आणि मार्चपासून विहिरीचा तळ दिसू लागतो. आमच्या अनुभवाप्रमाणे पाच हजार पिशव्यांस भर उन्हाळ्यात दररोज दोन ते अडीच हजार लिटर पाणी लागते. जी विहीर मेअखेर तेवढे पाणी देणार नाही, तिच्या भरवशावर पाच हजार पिशव्या भरू नयेत. दोन हजार भराव्या. पाणी, माती, शेणखत, सावलीची जाळी, पिशव्या, ही सामग्री पैसे टाकून मिळते. परंतु या धंद्याचे खरे भांडवल निराळेच आहे, आणि ते आम्हांस फार उशिरा समजले. त्याविषयीच आम्ही आज मुख्यतः बोलणार आहोत.

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक कापड हातात घेऊन पाहते. भांड्याच्या दुकानात ते भांडे वाजवून पाहते. कलम विकत घेणाऱ्याला मात्र वीतभर काडी आणि चार पाने यांखेरीज काही दिसत नाही. ती काडी हापूसची की आणखी कशाची, हे झाडाला पहिले चांगले फळ धरेपर्यंत, म्हणजे पाच-सहा वर्षे, त्यास कळावयाचे नसते. तोवर त्याने खड्डे खणलेले असतात, गडगा घातलेला असतो, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी वाहिलेले असते. पाने चुरगळून वासावरून जात सांगणारे जाणते लोक आहेत, पण कोवळ्या काडीच्या बाबतीत त्यांचीही फसगत झालेली आम्ही पाहिली आहे. म्हणून या व्यवसायात माल विकला जातो तो केवळ विकणाऱ्याच्या शब्दावर.

कलमाचा प्रकार ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्याकरिता थोडे सांगतो. हापूसचा बाठा पेरून हापूस येत नाही. येते ते रायवळ झाड. त्याचे फळ गोड निघेल किंवा आंबट, ते नशिबावर. म्हणून रायवळ बाठ्याचे रोप खुंट म्हणून घ्यावयाचे आणि त्यावर खात्रीच्या हापूस झाडाची काडी जोडावयाची. आमच्या आजोबांच्या वेळी भेट कलमे होत. खुंटाचे रोप कुंडीत वाढवून हापूसच्या झाडाभोवती मांडव घालीत, कुंडी फांदीपर्यंत चढवीत आणि दोन्ही सालींचे काप एकमेकांस भिडवून बांधीत. जोड एकजीव होण्यास दोन-तीन महिने लागत, आणि तोवर त्या उंचावरच्या कुंडीला कोणी तरी पाणी घालावे लागे. एका झाडावर अशी कलमे बांधून बांधून किती बांधणार? हल्ली सर्वत्र कोय कलमे होतात. मेअखेरीस किंवा जूनमध्ये ताजे रायवळ बाठे वाफ्यावर दाटीने पेरावे. बाठा घरात ठेवून वाळला की त्याची उगवण जाते. यात आळस चालत नाही. कोंब वर आल्यावर दहा-पंधरा दिवसांत, पाने तांबूस आहेत तोवर, ते रोप बाठ्यासकट उपटावे, धुवावे, शेंडा छाटून खोडाला मधोमध उभी चीर द्यावी, आणि तितक्याच जाडीच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन तीत बसवावी. वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळावी व कलम पिशवीत लावावे. मुले बर्फाची पेप्सी ज्या लांबट पिशवीतून खातात, तसली पिशवी काडीवर टोपीसारखी चढविली म्हणजे काडी सुकत नाही. पंधरा-वीस दिवसांत डोळे फुटतात.

काडी कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ राखून छाटावी म्हणजे डोळे फुगतात, ही एक गोष्ट आम्हांस पहिल्या वर्षी कोणी सांगितली नाही. १९९१ सालच्या त्या पावसाळ्यात आम्ही तीन हजार बाठे पेरले. बांधण्याजोगी रोपे एकोणीसशे निघाली. त्यांपैकी अकराशे जगली. पुढील जूनमध्ये सातशे विकली. उरलेल्या चारशेंपैकी शंभर-सव्वाशे वानरांनी पिशव्यांसकट उपटली, आणि काही आप्तेष्टांनी नेली. ज्ञातिबंधू हो, राग मानू नये. पण लग्नसमारंभात भेटून "दोन-चार कलमे पाठवून द्या हो" असे म्हणणारे स्नेही आणि वानरे यांच्यापासून नव्या रोपवाटिकेस सारखेच भय असते.

पैशाची गोष्टही येथेच सांगून टाकतो. जुलैत बांधलेले कलम पुढील जूनमध्ये विकले जाते. बाठे गोळा करण्यापासून पहिला रुपया हाती येईपर्यंत जवळजवळ चौदा महिने जातात. या अवधीत घर कशावर चालावयाचे, याचा विचार न करता नोकरीचा राजीनामा देऊ नये. आम्हांस त्या काळात तारले ते वांगी-मिरचीच्या रोपांनी आणि आमच्या वहिनींच्या जास्वंद-मोगऱ्याच्या कुंड्यांनी. ही रोपे महिना-दीड महिन्यात विकण्याजोगी होतात आणि आठवड्याच्या बाजारी रोख पैसे देतात. वहिनींचा हात कलम बांधण्यातही आम्हा दोघांहून हलका आहे. त्यांची शंभरातील नव्वद जगत, आमची सत्तर. हिशेबाच्या वहीतच ते दिसे, त्यामुळे वाद घालण्याची सोय नव्हती.

आमचा आरंभ झाला तो काळ अनुकूल होता. १९९० साली राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना सुरू केली, आणि कोकणातील ओसाड वरकसांवर आंबा-काजूचे खड्डे पडू लागले. कलमांना एकाएकी मागणी आली. दापोलीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथील मंडळींनी आम्हांस शिकविण्यात हात आखडता घेतला नाही. त्यांनी नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली रत्ना १९८१ पासून लोकांपुढे होती. तिच्यात साका होत नाही, म्हणून ती मागणारेही येत. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातील काजूच्या वेंगुर्ला ४ आणि पुढे वेंगुर्ला ७ या जातींना तर आम्ही कलमे पुरवू शकत नव्हतो. आमच्या आजोबांनी लावलेल्या हापूस झाडांपैकी अकरा झाडे आम्ही काडीकरिता राखून ठेविली होती. प्रतिवर्षी भरपूर न धरतील, पण फळ अस्सल आणि एकसारखे. शहाण्याने त्या अकरा झाडांच्या काडीत जेवढी कलमे होतात तेवढीच बांधिली असती.

१९९४ च्या पावसाळ्यात आम्ही शहाणपण सोडले. नोंदविलेली मागणी आमच्या काडीच्या दीडपट होती. शेजारच्या खाडीपलीकडील एका बागेतून काड्यांच्या दहा जुड्या आम्ही विकत आणविल्या. आणणारा माणूस हापूस म्हणाला, आम्ही हापूस मानले. बाग पाहण्यास गेलो नाही. पाऊस होता, तरीला वेळ लागला असता, बाठ्यांची पाने तांबूसची हिरवी होऊ लागली होती. त्या काड्यांची साडेचारशे-पाचशे कलमे झाली असावीत. "असावीत" असे म्हणतो, कारण ती वेगळी ठेविली नाहीत आणि लिहूनही ठेविली नाहीत. मांडवात सर्व एकत्र झाली.

त्यांतील एकशे वीस कलमे आपल्याच ज्ञातीतील एका निवृत्त शिक्षकांनी नेली. भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून त्यांनी ती बाग केली होती. २००१ च्या मे महिन्यात ते आमच्या पडवीत आले ते पेंढ्यात बांधलेली एक करंडी घेऊन. आमच्या मातोश्रींनी पाणी दिले. त्यांनी करंडी सोडली, एक आंबा कापला आणि म्हणाले, "चाखून पाहा." फळ वाईट नव्हते. पण ते हापूस नव्हते.

आमच्या तोंडून पहिल्याने जे निघाले ते सांगावयास आज लाज वाटते. आम्ही म्हणालो, "गुरुजी, खुंटाची फूट वाढली असेल. आपण काढली नसेल." रोपवाटिकावाल्याचे हे ठेवणीतले उत्तर आहे, आणि ते पुष्कळदा खरेही असते. जोडाच्या खालून रायवळ खुंट फुटतो. मालकाने ती फूट वेळीच खुडली नाही तर ती जोमाने वाढते, वरची काडी मरते, आणि मालक म्हणतो की कलम खोटे निघाले. पट्टी सोडावयाची राहिली तरी जोड आवळला जाऊन तेच होते. गुरुजी एवढेच म्हणाले, "येऊन पाहा."

आम्ही दोघे बंधू दुसऱ्या दिवशी गेलो. एकशे चार झाडे जगली होती. गुरुजींनी एकेका झाडाला नंबर घातला होता, पट्टी कोणत्या महिन्यात सोडली ते वहीत लिहिले होते. अडतीस झाडांचे फळ निराळे होते. त्या अडतिसांच्या बुंध्याशी बसून आम्ही जोडाची गाठ शोधिली. प्रत्येक झाडाची गाठ स्पष्ट होती आणि सारा विस्तार गाठीच्या वर होता. खुंट फुटला नव्हता. काडीच खोटी होती, आणि काडी आम्ही दिली होती.

गुरुजींनी पैसे परत मागितले नाहीत. पैसे परत देऊन सात वर्षे परत येणारही नव्हती. आम्ही त्यांस सुचविले की झाडे तोडू नका. त्यांची मुळे चांगली आहेत. फळे उतरल्यावर अडतीस झाडांपैकी अर्धी आम्ही छाटली, नवे धुमारे फुटू दिले, आणि त्या धुमाऱ्यांवर आमच्या अकरा झाडांची काडी चढविली. उरलेली अर्धी पुढील पावसाळ्यात. दोन हंगाम आम्ही तेथे आपल्या खर्चाने राबलो. बत्तीस झाडे सुधारली. सहा वाळली, त्यांच्या जागी नवी कलमे लाविली. गुरुजींनी सुधारलेल्या झाडांचे आंबे पाहिले, त्यांच्या पत्नीने पाहिले नाहीत.

गुरुजी या संस्थेचे जुने सभासद होते. त्यांनी हा विषय आपल्या सभेत कधीही काढला नाही. काढला असता तर आम्हांस कदाचित हलके वाटले असते.

तेव्हापासून आमच्या मांडवात काही नियम आहेत. ज्या दिवशी एका जातीची काडी कापावयाची, त्या दिवशी दुसऱ्या जातीची काडी मांडवात येऊ द्यावयाची नाही. काडी देणाऱ्या प्रत्येक झाडाला पत्र्याचा नंबर. वहीत चार रकाने: झाडाचा नंबर, बांधल्याची तारीख, बांधणाऱ्याचे नाव, नेणाऱ्याचे नाव-गाव. आणि ज्या झाडाचे फळ आम्ही लागोपाठ काही वर्षे खाल्लेले नाही, त्याची काडी बांधावयाची नाही, मग ती कोणीही फुकट देवो. वास्तविक यात आम्ही नवे काही केले नाही. आपल्या राज्यात फळरोपवाटिकांविषयी १९६९ चा कायदा आहे. त्याप्रमाणे परवाना घ्यावा लागतो आणि खुंट व काडी कोठून आणली याची नोंद ठेवावी लागते. आमच्यापाशी परवाना भिंतीवर काचेत लाविलेला होता, नोंद नव्हती. आपल्यापैकी जो तरुण हा धंदा करू इच्छितो त्याने परवान्याच्या फ्रेमआधी वही विकत घ्यावी.

आंब्याचे झाड निदान काही तरी फळ देते. कोकमाच्या बाबतीत फसगत याहून मोठी आहे. कोकमाची झाडे नर आणि मादी अशी वेगळी असतात, आणि बी पेरून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. सात-आठ वर्षे सांभाळून फूल आल्यावर ते कळते. म्हणून कोकमाचे कलमच घ्यावे, आणि तेही भरपूर फळणाऱ्या मादी झाडाच्या सरळ वर जाणाऱ्या शेंड्याचे. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम जगते, पण आयुष्यभर जमिनीलगत आडवेच पसरते. जायफळाचेही तसेच. गिऱ्हाइकाला ही गोष्ट ठाऊक नसते. त्याला समोरचे आडवे कलम अधिक भरगच्च दिसते आणि तो तेच उचलतो. अशा वेळी विक्री सोडून त्यास समजावीत बसावे लागते, आणि मागे उभा असलेला माणूस कंटाळून निघून जातो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील बागा एका दुपारीत झोपल्या. आमच्या सावलीच्या जाळ्या कोठे गेल्या ते कळले नाही. अकरा झाडांपैकी चार उन्मळून पडली. ती आजोबांच्या हातची होती. त्यानंतरचे दोन पावसाळे कलमांना एवढी मागणी होती की रांगा लागल्या. बाहेरून मालमोटारी भरून कलमे येऊ लागली. आमचा पुतण्या, जो आता हा व्यवसाय पाहतो, त्यास एका व्यापाऱ्याने दोन हजार तयार कलमे देऊ केली. आपली पाटी, आपला परवाना, त्याचा माल. पुतण्याने रात्री आम्हांस विचारले. आम्ही उत्तर दिले नाही. गुरुजींच्या बागेची वही त्याच्यापुढे ठेविली. त्याने ती चाळली आणि सकाळी व्यापाऱ्यास नकार कळविला. त्या वर्षी सात झाडांच्या काडीत जेवढी झाली तेवढीच कलमे विकली, कोणालाही पंचवीसपेक्षा अधिक दिली नाहीत. पुष्कळ लोक रागावून गेले. त्यांत काही ज्ञातिबंधूही होते. ते आज येथे दिसत आहेत, हे पाहून बरे वाटते.

गेल्या वर्षी ज्या पालकांनी प्रश्न विचारला होता त्यांस आमचे उत्तर असे की, मुलाने प्रथम दोन मोसम गावी येऊन आपल्या आजोबा-पणजोबांची झाडे ओळखावी. कोणते झाड काय फळ देते, कोणत्या वर्षी देते, ते लिहावे. बाजारात मिळत नाही अशी एकच वस्तू त्याच्यापाशी असू शकते, ती हीच. पिशव्या त्यानंतर भराव्या. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात आमच्या मांडवात बांधणी चालू असते. ज्या तरुण-तरुणींस शिकावयाचे असेल त्यांनी यावे. राहण्या-जेवणाची व्यवस्था वहिनींनी पत्करिली आहे. स्वतःची सुरी आणावी, कारण आमच्या सुऱ्या त्या कोणास देत नाहीत.

आणखी एक विनंती आहे. १९९४ च्या त्या पाचशे कलमांपैकी गुरुजींची अडतीस आम्हांस सापडली, पुढे चौकशी करून आणखी साठ-सत्तरांचा पत्ता लागला. उरलेली कोठे आहेत ते आमच्या कोणत्याही वहीत नाही. १९९५ च्या जून-जुलैमध्ये आमच्याकडून हापूस म्हणून कलमे नेलेले कोणी आज या सभागृहात असतील, अथवा ही स्मरणिका वाचतील, आणि त्यांच्या बागेतील एखाद्या झाडाचे फळ हापूससारखे नसेल, तर त्यांनी संस्थेच्या चिटणिसांमार्फत आम्हांस कळवावे. झाड जुने झाले असले तरी त्याची छाटणी करून काडी चढविता येते. आम्ही येऊ, आणि काडी त्या सात झाडांची असेल.